लाकडातला पीळ

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. नारळाच्या काथ्याचा दोर विस्तवात पडून त्याची राख झाली, तरी त्या राखेवर दोराचे वेढे जसेच्या तसे दिसतात. म्हणीचा रोख अर्थातच हट्टी माणसावर आहे. लाकूड मात्र या बाबतीत सुंभाहून समजूतदार म्हटले पाहिजे. त्याच्या अंगात पीळ शिरतो हे खरे. पण ओल, ऊब आणि धीर यांचा योग्य उपयोग केला, तर तो पीळ काढताही येतो. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या बांधणाऱ्या सुतारांना ही विद्या पिढ्यान् पिढ्या अवगत आहे. एका मुलाचे बिघडलेले धनुष्य त्याच विद्येने कसे सुधारले, त्याची ही हकीकत.

कार्तिक महिना सरत आला, की सिंधुदुर्गातील गावोगावच्या देवळांत जत्रांना आरंभ होतो आणि रात्र रात्र दशावतारी नाटके रंगतात. अशाच एका जत्रेत किनाऱ्यावरच्या एका गावातील सातवीतल्या मुलाने रामाचे धनुष्य पाहिले. ते सोनेरी कागदाने मढवलेले होते. त्यातून बाण सुटायचा नव्हता. सुटल्याचे दाखवायचे, एवढेच त्याचे काम. पण मुलाच्या मनात खऱ्या धनुष्याने घर केले. शाळांच्या क्रीडास्पर्धांत धनुर्विद्येचा 'इंडियन राउंड' म्हणून एक प्रकार असतो आणि त्यात बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य वापरतात, हे त्याला ठाऊक होते. घरच्या माळ्यावर धामणीच्या लाकडाचा एक फाळका पडला होता. त्याच्या आजोबांनी तो कावडीच्या दांड्यासाठी राखून ठेवला होता. आजोबा दोन वर्षांपूर्वी वारले आणि फाळका तसाच राहिला. मुलाने आजीकडे तो मागितला. आजी क्षणभर काही बोलली नाही. मग तिने शिडी लावायला सांगितले.

धामण म्हटले की मुलांना साप आठवतो. येथे मात्र धामण हा वृक्ष आहे. सह्याद्रीच्या पानझडी रानांत तो वाढतो. त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक असते. म्हणून अवजारांच्या दांड्यांना आणि कावडींना ते उपयोगी पडते. संस्कृतात या वृक्षाला 'धन्वन' म्हणतात. धनुष्य आणि धन्वन यांचे नाते नावातच उघड आहे. तेव्हा मुलाच्या हाती आलेले लाकूड अगदी योग्य होते. परंतु ते एकच होते.

चार दिवस खपून त्याने साडेचार फुटांचे धनुष्य तासले. धनुष्याच्या मध्यभागी मूठ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन भुजा असतात. धनुष्य धरणाऱ्याकडे जी बाजू येते ती पोट, व लक्ष्याकडे असते ती पाठ. दोरी ओढली की पोटाकडचे तंतू दाबले जातात आणि पाठीकडचे ताणले जातात. या ओढाताणीत जी शक्ती साठते, तीच दोरी सोडताच बाणाला मिळते. मुलाने दोरी चढवली, धनुष्य थोडेसे ओढले आणि त्याचा चेहरा उतरला. वरची भुजा वाकताना एका अंगाला वळत होती. दोरी मुठीच्या मधोमध न राहता डावीकडे सरकली होती. त्याने भुजेकडे निरखून पाहिले. तिची एक कड दुसरीपेक्षा पुढे, म्हणजे आपल्या दिशेने आलेली त्याला दिसली. पुढे आलेली कड तासली की सारे सरळ होईल, असे वाटून त्याने तीच कड कानशीने घासली. पुन्हा दोरी चढवली, तेव्हा पीळ वाढलेला होता. तिसऱ्या खेपेला दोरी टोकावरून सटकली आणि सण्णकन त्याच्या मनगटावर बसली.

असा प्रसंग केवळ मनगटावर निभावला तर नशीबच म्हणायचे. पूर्ण ओढलेल्या धनुष्याची पिळलेली भुजा एखादे वेळी पार उलटी फिरते आणि मुठीपाशी दुभंगते. त्याच्या चिरफळ्या मग ओढणाऱ्याच्या तोंडासमोरच असतात.

समुद्राकाठी माडांच्या सावलीत एक वृद्ध सुतार राहत असत. त्यांच्या तरुणपणी त्या पुळणीवर दरवर्षी लाकडी होड्या बांधल्या जात. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडाचे काम मागे पडले. आता त्यांच्याकडे डागडुजीचे काम काय ते येई. मुलगा धनुष्य घेऊन त्यांच्या पडवीत उभा राहिला.

"काय रे झिला, काय झाला?"

"दोरी ऱ्हवत नाय, काकानू. भुजा वाकडी झाली."

काकांनी धनुष्य हातात घेतले, दोरी उतरवली आणि डोळ्यासमोर आडवे धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली. "हो बाक न्हय," ते म्हणाले, "पीळ आसा."

बाक आणि पीळ यांतला फरक नीट समजून घेण्याजोगा आहे. काठी एका बाजूला झुकली तर तो बाक. पण काठीचे एक टोक स्थिर ठेवून दुसरे टोक, ओले फडके पिळताना फिरवतो तसे, स्वतःभोवती फिरले, तर तो पीळ. बाक नजरेला लगेच दिसतो. पीळ लपून राहतो. तो उघडा पाडण्याची सुतारांची एक युक्ती आहे. काकांनी आढ्यात खोचलेल्या दोन पट्ट्या काढल्या. हातभर लांबीच्या, अगदी सरळ आणि सारख्या रुंदीच्या. एक त्यांनी मुठीवर आडवी ठेवली आणि दुसरी भुजेच्या टोकाजवळ. मग खाली बसून, एक डोळा मिटून, जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून दूरच्या पट्टीकडे पाहिले. लाकूड सरळ असेल तर दोन्ही पट्ट्यांच्या कडा एकमेकींशी समांतर दिसतात. पीळ असेल तर दूरची पट्टी तराजूच्या कलत्या दांडीसारखी दिसते. पट्ट्या जितक्या लांब, तितका पीळ मोठा करून दाखवतात. बोटभर रुंदीच्या भुजेवर जो फरक नखाएवढाही नसतो, तो हातभर पट्टीच्या टोकाशी स्पष्ट दिसतो. खालच्या भुजेवर पट्ट्या समांतर दिसल्या. वरच्या भुजेवर दूरची पट्टी किंचित कलली होती. मुलालाही त्यांनी ते बसून पाहायला लावले.

त्यानंतर त्यांनी पुन्हा दोरी चढवली, धनुष्य भिंतीतल्या खुंटीवर मुठीपाशी अडकवले, दोरीला दुसरा दोर बांधून तो खाली जमिनीजवळच्या कप्पीतून घेतला आणि दूर उभे राहून हळूहळू ओढला. आता पीळ पहिल्याहून दुप्पट दिसत होता.

म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते. आणि दोन्हींची औषधे निराळी. दोरी उतरवलेली असतानाही जो पीळ दिसतो, तो लाकडाच्या प्रकृतीतला होय. काही झाडांचे तंतू सरळ वर न जाता खोडाभोवती वळत वळत वाढतात. अशा झाडाच्या सालीवरच्या भेगाही तिरप्या असतात, आणि जाणता लाकूडतोड्या त्या पाहूनच झाड ओळखतो. शिवाय ओले लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखे आटत नाही. लांबीत ते जवळजवळ आटतच नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने मात्र, गाभ्याकडून सालीकडे आटते त्याच्या सुमारे दुप्पट आटते. त्यात ते एका बाजूने उन्हात आणि दुसऱ्या बाजूने सावलीत पडले असेल, तर पिळाला आणखी निमित्त मिळते. हा पीळ तासून काढू पाहणे म्हणजे लाकूड फुकट घालवणे.

दुसरा दोष कारागिराच्या हातचा असतो. दोरी उतरवलेली असताना भुजा सरळ असते, वाकू लागली की पिळते. याचा अर्थ तिची एक कड दुसरीपेक्षा ताठ आहे. दुबळी कड अधिक वाकते आणि ओढणाऱ्याकडे पुढे येते. ताठ कड मागे राहते. मुलाने पुढे आलेली कड तासली, म्हणजे जी आधीच दुबळी होती तिलाच आणखी दुबळे केले. काकांनी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत भुजा धरून चिमटी मुठीपासून टोकापर्यंत सरकवली आणि विचारले, "फुडे इली ती कड तासलंस मां?" मुलाने मान खाली घातली.

एवढ्याशा घासण्याने एवढा फरक कसा पडावा, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर गणितात आहे. लाकडी पट्टीची रुंदी दुप्पट केली तर तिचा ताठरपणा दुप्पट होतो. जाडीचे तसे नाही. ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. एका पट्टीची जाडी १० आणि दुसरीची ११ धरा. १० चा घन १०००, तर ११ चा घन १३३१. म्हणजे जाडीत एक दशांशाची वाढ झाली, की ताठरपणा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढला! कानशीचे चार हात इकडे की तिकडे, यावर धनुष्याचे सारे चालते ते यामुळे.

"आता दुसरी कड तासू?" मुलाने विचारले.

"घाई करू नको. तासलेला लाकूड परत चिकटना नाय."

आधी प्रकृतीतला पीळ काढायचा, मग उरेल तेवढेच तासायचे, असा क्रम काकांनी ठरवला. अंगणात चूल मांडून तिच्यावर मोठा टोप चढवला. त्यात पाणी उकळू लागल्यावर धनुष्याची वरची भुजा वाफेवर आडवी ठेवली आणि वरून ओले गोणपाट झाकले. वाफेचा हिशेब जहाजे बांधणाऱ्यांनी फार पूर्वीच बसवलेला आहे : एक इंच जाडीला सुमारे एक तास. भुजेची जाडी अर्ध्या इंचाच्या आसपास होती. म्हणून अर्धा तास. वाफेने लाकडाच्या आत काय घडते? लाकूड हे बारीक, चिवट तंतूंचे बनलेले असते आणि ते तंतू 'लिग्निन' नावाच्या द्रव्याने एकमेकांशी सांधलेले असतात. थंड असताना लिग्निन घट्ट असते. ओल आणि उष्णता एकत्र लागली की ते मऊ पडते, आणि मग तंतूंना एकमेकांच्या अंगाने किंचित सरकता येते. लाकूड पुन्हा थंड झाले, की ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत लिग्निन आवळते.

यासाठी वाफेवरून काढल्यानंतरचा वेळ फार मोलाचा असतो. मिनिटभराचाही उशीर परवडत नाही. काकांनी शिकंजा आधीच तयार ठेवला होता. भुजा बाहेर काढताच मूठ शिकंज्यात आवळली. लाकडाला वळ पडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना नारळाची सोडणे लावली. भुजेच्या टोकावर एक आडवी काठी सुंभाने घट्ट बांधली आणि त्या काठीच्या लांब टोकाला दगड टांगला. दगडाच्या भाराने काठी खाली ओढली गेली आणि भुजा पिळाच्या उलट दिशेला हळूच फिरली. काकांनी पट्ट्या ठेवून पाहिले. दूरची पट्टी सरळ झाली, आणि मग थोडी पलीकडे कलली. मुलगा घाबरला. पण ते मुद्दाम केलेले होते. बंधन सोडल्यावर लाकूड थोडे मागे येतेच. तेवढी वाट आधीच धरून ठेवावी लागते. किती, ते पुस्तकात सापडत नाही. धामण किती मागे येते आणि साग किती, हे ज्याने दोन्ही वळवली आहेत त्याच्याच हाताला कळते.

रात्रभर धनुष्य तसेच ठेवायचे ठरले. तिन्हीसांजेला पुळणीवर ओढून ठेवलेल्या एका जुन्या होडीपाशी काका मुलाला घेऊन गेले. समोर सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट काळसर दिसत होता. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी केली, तोच हा किल्ला. काकांनी होडीच्या एका फळीवर हात ठेवला आणि तो पुढच्या टोकाकडे, नाळेकडे सरकवत नेला. होडीच्या मध्यभागी तळाशी ती फळी जवळजवळ आडवी होती. नाळेपाशी पोचेपर्यंत ती उभी झाली होती. एकच अखंड फळी. पण तिच्या अंगात पाव फेरा पीळ होता.

धनुष्यातला जो पीळ काढण्यासाठी सकाळपासून धडपड चालली होती, तोच पीळ होडीच्या फळीत मुद्दाम भरावा लागतो. तो नसेल तर फळ्या नाळेला मिळत नाहीत आणि होडीला पाणी कापणारे तोंडच येत नाही. जाड फळी खालून जाळाने शेकायची, वरून पाणी शिंपडत राहायचे, आणि ती नरम पडताच दोर, पाचरी आणि माणसांचे बळ लावून होडीच्या फासळ्यांवर बसवायची, ही त्याची रीत. येथे चूक झाली तर मनगटावर वळ उठून भागत नाही. अपुरा वळवलेला पीळ फळीत ताण ठेवतो. फळी सुटू पाहते, सांधा उघडतो, आणि तेही नेमके लाटांचा मारा बसत असताना. सांध्यात ठासलेला कापूस आणि राळ मग किती काळ पाणी थोपवणार? ज्या खलाशांनी पाण्यात होडी लोटली, ते सुताराच्या नजरेवर विसंबूनच लोटत.

काका थोडा वेळ त्या फळीवर हात ठेवून उभे राहिले. त्या होडीला गेल्या कित्येक वर्षांत पाणी लागले नव्हते.

लाकडाच्या प्रकृतीशी जुळवून घेण्याची ही कला धनुष्याइतकीच जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताडाच्या, बांबूच्या, लाकडाच्या आणि शिंगाच्या धनुष्यांचा उल्लेख आहे. दोऱ्या कशाच्या कराव्यात हेही तेथे सांगितले असून त्यांत वेणू, म्हणजे बांबूही आहे. बांबूची दोरी ऐकून नवल वाटेल. पण सातपुड्यातील भिल्लांच्या धनुष्याला बांबूच्या कामटीचीच दोरी असते. तिकडे इंग्लंडात आठव्या हेन्री राजाचे 'मेरी रोज' हे युद्धनौकांतले एक प्रसिद्ध जहाज १५४५ साली बुडाले. १९८२ साली ते समुद्रतळावरून वर काढले गेले. त्यातून यू नावाच्या वृक्षाच्या लाकडाची दीडशेहून अधिक धनुष्ये मिळाली. लाकडात जेथे गाठ होती तेथे कारागिरांनी ती कापून सपाट केली नव्हती. तंतू जसे वळले तसे तेही वळले होते. आजच्या स्पर्धांतील धनुष्ये धातूची व कृत्रिम तंतूंची असतात. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिन येथे सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, ती अशाच यांत्रिक धनुष्याने. लाकडाचे लहरी वागणे त्या धनुष्यांना ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी काठी आणि दगड काढले. लाकूड किंचित मागे आले आणि पट्ट्या समांतर होऊन थांबल्या. मुलाने लगेच दोरी शोधायला सुरुवात केली. पण काकांनी धनुष्य पडवीच्या सावलीत टांगून ठेवले. वाफ प्यालेले लाकूड ओलसर असते. ओल्या लाकडाला वाकवले तर ते वाकलेलेच राहते आणि धनुष्याची उसळी कायमची जाते. दहा दिवस मुलगा शाळेतून येताना वाट वाकडी करून त्या धनुष्याकडे पाहून जात असे.

अकराव्या दिवशी धनुष्य पुन्हा खुंटीवर चढले. काकांनी दोर थोडा ओढला. पीळ अजून होता, पण आता तो वाकण्यातला तेवढाच उरला होता. मागे राहिलेली, ताठ कड मुलाने स्वतः दाखवली. काकांनी तिच्यावर कोळशाची रेघ मारली आणि कानस त्याच्या हाती दिली. तासायचे ते केवळ पोटाच्या बाजूने. पाठीचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिले पाहिजेत, कारण सारा ताण त्यांच्यावर येतो. तेथे एक तंतू जरी तुटला तरी चीर तिथूनच सुरू होते. दहा हात कानस, मग वीस वेळा ओढून पाहणे, मग पुन्हा कानस. लाकडाला नवी स्थिती अंगवळणी पडायला तेवढे वेळ ओढावे लागते, एरवी नजर फसते. शेवटी शेवटी कानसही ठेवून काकांनी फुटक्या काचेचा तुकडा दिला. त्याने लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा निघतो.

वरची भुजा हलकी झाली, म्हणून खालचीही त्या मापाने उतरवावी लागली. संध्याकाळी दोरी मुठीच्या मधोमध आली आणि ओढल्यावरही तेथेच राहिली. धनुष्य मुलाने योजले होते त्यापेक्षा बरेच नरम झाले होते. पहिल्या दिवशी चुकीच्या कडेवर घासलेले लाकूड कुठून परत येणार? काकांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यांनी वाटीभर खोबरेल आणून धनुष्याला चोळायला सांगितले, म्हणजे पावसाळ्यात लाकूड हवेतली ओल लवकर पिणार नाही.

शेताच्या बांधाशी पेंढ्याचा भारा उभा करून, मागे कोणी नाही हे पाहून, मुलाने पहिला बाण सोडला. तो भाऱ्यावरून पलीकडे गेला. दुसरा बाण भाऱ्यात रुतला. आजी मेरेवर उभी राहून पाहत होती. तिने तो बाण स्वतः उपटून आणून दिला.

पुढे जून महिना आला, कौलांवर पाऊस वाजू लागला आणि भिंती ओल धरू लागल्या. मुलाने धनुष्य खाली काढले. आता त्याच्याजवळ स्वतः तासलेल्या दोन पट्ट्या होत्या. एक मुठीवर आणि एक टोकाशी ठेवून, एक डोळा मिटून तो बराच वेळ पाहत राहिला. दूरची पट्टी केसभर कलली होती. तो उठला आणि आजीकडे मोठा टोप मागायला गेला.